मृग नक्षत्र दुर्बिणीतून

कोकणातून आलेल्या आपल्या पिढीला 'मृग' म्हटले की आधी पाऊस आठवतो. ७ जूनच्या सुमारास मृग लागे आणि पेरणीची घाई सुरू होई. पण त्या दिवसांत मृगाचे तारे कोणालाच दिसत नसत, कारण सूर्य तेव्हा आकाशाच्या त्याच भागात असतो आणि नक्षत्र दिवसाच डोक्यावरून निघून जाते. येथे इस्राएलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि नेमका त्याच महिन्यांत मृग रात्री दिसतो. पावसाने हवेतील धूळ धुऊन निघाल्यावर जी पहिली निरभ्र रात्र मिळते, ती दुर्बिणीसाठी सर्वांत चांगली.

जानेवारीच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. चार ठळक ताऱ्यांचा चौकोन म्हणजे मृगाचे चार पाय. मधोमध एका ओळीत असलेले तीन तारे म्हणजे त्याला लागलेला बाण. ही ओळ खाली डावीकडे वाढवली की व्याध भेटतो, वर उजवीकडे वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिका. ईयोबाच्या आणि आमोसाच्या पुस्तकांत ज्यांचा उल्लेख आहे ते 'केसील' आणि 'कीमा' म्हणजे हेच मृग आणि कृत्तिका, असे सामान्यतः मानले जाते.

चौकोनातील वरचा डावा तारा काक्षी तांबूस आहे, तर खालचा उजवा राजन्य निळसर पांढरा. तांबूस तारा थंड आणि निळसर तारा तापलेला, हा लोहाराच्या भट्टीतला नियम ताऱ्यांनाही लागू पडतो.

आता बाणाच्या खाली पाहावे. तेथे तीन मंद ठिपके लोंबताना दिसतात. त्यांतील मधला ठिपका धूसर वाटतो. तो तारा नव्हे, तेजोमेघ आहे. आमच्या अंगणातील दुर्बिणीचा आरसा १३० मिलिमीटरचा आणि नाभीय अंतर ६५०. डोळ्याशी २५ मिलिमीटरचे भिंग लावले की ६५० भागिले २५, म्हणजे २६ पट मोठे दिसते. एवढे पुष्कळ झाले. पंख पसरलेल्या पाखरासारखा राखी-हिरवट ढग दिसतो. मग १० मिलिमीटरचे भिंग लावावे, म्हणजे ६५ पट. ढगाच्या पोटात चार तारे जवळजवळ बसलेले दिसतात. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा. हे तारे फार तर दहावीस लाख वर्षांचे. त्यांच्या भोवतालच्या वायूत अजून नवे तारे जन्मत आहेत. आपल्या डोळ्यांत शिरणारा हा प्रकाश सुमारे १,३०० वर्षांपूर्वी तेथून निघाला.

छायाचित्रातील लाल-गुलाबी रंग येथे दिसत नाहीत, म्हणून मुले हिरमुसतात. त्यांना आधीच सांगावे की अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ मोबाइल खिशातच ठेवावा. ढगाकडे थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवली, तर तो अधिक पसरलेला दिसतो. गॅलिलिओने १६१० साली छापलेल्या पुस्तकात या भागातील साध्या डोळ्यांना न दिसणारे ऐंशी तारे काढून दाखवले, पण या ढगाची नोंद मात्र त्यात नाही.

चांदणे नको असेल तर वेगळे पंचांग शोधायला नको. आपल्या भिंतीवरच्या लुआखमध्ये तेवेत आणि श्वात महिन्यांचे रोश होदेश पाहावे. त्याच्या आगेमागे रात्री काळोख्या असतात. शहरातील दिव्यांत ढगाचा मधलाच भाग दिसतो, पण चार तारे दिसतात. ज्यांना जमेल त्यांनी एकदा मित्स्पे रामोनला जावे. तेथील मख्तेश रामोनला २०१७ साली आंतरराष्ट्रीय काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली आहे.

आपली नातवंडे या नक्षत्राला 'ओरियन' म्हणतात. म्हणू द्यावे. 'मृग' हा शब्द त्यांना भिंगाला डोळा लावलेला असतानाच सांगावा, आणि त्याबरोबर पेरणीही सांगावी. नुसता पुस्तकातून सांगितला तर तो राहत नाही, हा आम्हां शिक्षकांचा अनुभव. आणि सांगणारे आता आपणच उरलो आहोत.