लाटांनी घडविलेले खडक : येल्यूचे भूउद्यान

पावसाळ्याच्या प्रारंभी एखादी मोठी सर पडून गेली म्हणजे पागोळ्यांखालची जमीन मुलांना निरखून पाहावयास सांगावी. भोवतालची माती वाहून गेलेली असते. परंतु जेथे एखादा खडा किंवा खापरीचा तुकडा होता, तेथे त्याच्या आडोशाने मातीचा बोटभर खांब तसाच उभा राहिलेला आढळतो. माथ्यावर कठीण, खाली मऊ आणि भोवती झिजविणारे पाणी, या तीन गोष्टी ज्या मुलाला उमगल्या, त्याला तैवान बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील येल्यू येथील खडकांचे नवल निम्मे उलगडले असे म्हणावयास हरकत नाही.

येल्यू हे समुद्रात घुसलेले, सुमारे 1,700 मीटर लांबीचे चिंचोळे भूशिर असून तेथील भाग भूउद्यान म्हणून राखण्यात आला आहे. येथील वालुकाश्म दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रतळी साचलेल्या वाळूपासून बनला. त्यात सागरी प्राण्यांचे जीवाश्म आजही आढळतात, ही त्याची साक्ष होय. पुढे भूकवचाच्या दोन प्रचंड खंडांच्या टकरीमुळे हे थर उचलले जाऊन पाण्याबाहेर आले, आणि लाटा, वारा व ऊन यांनी त्यांवर आपले काम सुरू केले.

या वालुकाश्माच्या काही थरांत चुन्याच्या योगाने घट्ट झालेले कठीण गोळे आहेत. थराला उभ्या भेगा पडून त्याचे तुकडे झाले. वरचा कठीण भाग टिकला व खालचा मऊ भाग झिजत गेला. त्यामुळे भूछत्रासारखे खडक उभे राहिले. त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. कोठे भेगा एकमेकींना आडव्या छेदून बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पडले आहेत, कोठे आल्याच्या कुड्यासारखे गाठाळ खडक आहेत, तर कोठे विझलेल्या मेणबत्त्यांसारखे बुटके शंकू. मुले आकारांना नावे देण्यात रमतात, त्यांस रमू द्यावे. मात्र नाव दिल्यावर ‘असे का झाले?’ हा प्रश्न सुटता कामा नये.

सर्वांत प्रसिद्ध खडक म्हणजे ‘राणीचे मस्तक’. सन 1962-63 च्या सुमारास त्याचा एक तुकडा निखळला आणि उंच केशरचना केलेल्या स्त्रीची मुखाकृती दिसू लागली. ज्या झिजेने ही मान घडविली तीच झीज आता ती मोडावयास निघाली आहे. मानेचा घेर कमी होत आहे. एखादे वादळ किंवा भूकंप तिला पुरेसा होईल. कृत्रिम द्रव्याने मान पक्की करावी, की निसर्गक्रम चालू द्यावा, यावर तेथे बराच वाद झाला. उद्यानात या मस्तकाची प्रतिकृती मात्र उभारण्यात आली आहे. वरच्या वर्गात हा वाद मुलांपुढे ठेवावा. दोन्ही बाजूंनी बोलण्याजोगे पुष्कळ आहे.

या खडकांत एका माणसाचा पुतळाही आहे. सन 1964 मध्ये एक विद्यार्थी येथे समुद्रात पडला. लिन थिएन-चेन नावाच्या कोळ्याने त्याला वाचविण्यासाठी पाण्यात उडी घेतली आणि तो स्वतः बुडाला. आज तेथे जमिनीवर रंगीत रेषा आखलेली असून तिच्यापलीकडे जाण्यास मनाई आहे.

सहल नेणाऱ्या शिक्षकाने ही हकीकत विसरू नये. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वर येथे प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरलेले कातळ आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पाहावयास मिळतात. तेथील खडक ज्वालामुखीचा, येल्यूचा वाळूचा. परंतु कारागीर एकच. ती वाट ओहोटीच्या वेळीच मोकळी असते. म्हणून भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळ्यांना आधी विचारावी, मुलांच्या पुढे एक व मागे एक असे दोन शिक्षक असावेत, आणि ओल्या कातळावर कोणास चढू देऊ नये.

ज्यांना सहल शक्य नाही त्यांनी ओढ्याकाठचा एखादा झिजता खडक निवडावा. मुलांकडून दोरीने त्याचा घेर मोजवून घ्यावा, कोणत्या उंचीवर मोजला ते तारखेसह शाळेच्या नोंदवहीत लिहावे, आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर त्याच ठिकाणी पुन्हा मोजावे. शिक्षकाची बदली झाल्यास ती वही पुढच्या शिक्षकाच्या हाती द्यावी.