पलटणीची पेटी (भाग १४) : आधी कड बघा

गेल्या वेळी पितळी बटणांचं कबूल केलं होतं. बटणं आणखी एक आठवडा थांबतील, शंभर वर्षं थांबलीच आहेत. मधेच वाईहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि माझा आवडता विषय आयता हातात पडला.

त्या लिहितात, आजेसासऱ्यांचं चांदीचं एक पदक घरात आहे. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला पुरुष. सासूबाईंनी ते खंडोबा म्हणून देवघरात ठेवलं होतं, दर चंपाषष्ठीला चिंच लावून लख्ख घासायच्या. आता सोनार म्हणतो, तीनेक तोळे भरेल, चांदीच्या भावाने घेतो. द्यावं का?

नका देऊ. पण आधी सासूबाईंची बाजू घेतो, कारण त्यांची चूक फार दूरची नाही. हे पहिल्या महायुद्धाचं 'ब्रिटिश वॉर मेडल'. राजा पंचम जॉर्ज. घोडेस्वार म्हणजे सेंट जॉर्ज, आणि त्याच्या घोड्याच्या टापांखाली शत्रुपक्षाची गरुडाची ढाल आहे. मणी-मल्लांना तुडवणारा घोडेस्वार ज्या घरात रोज पुजला जातो, तिथे दुसरं काय वाटणार? विल्यम मॅकमिलन या शिल्पकाराला जेजुरी ठाऊक नव्हती एवढंच.

अशी चांदीची पदकं ६५ लाखांच्या घरात वाटली गेली, म्हणजे पदक म्हणून ते दुर्मीळ मुळीच नाही. १९७९-८० मध्ये चांदी भडकली तेव्हा इंग्लंडात ती ढिगाने वितळवली गेली. आपल्याकडे त्यासाठी भाव भडकायचीही वाट पाहावी लागली नाही, एखादं लग्नकार्य पुरलं. पदकाच्या दोन्ही बाजू सगळ्यांच्या सारख्या. ते पदक एकाच माणसाचं होतं ते कडेमुळे. तीन मिलिमीटरभर जाडीच्या त्या पट्टीवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. संग्राहक पदक हातात घेतो तेव्हा राजाचं तोंड नंतर बघतो, आधी कड फिरवतो.

कड कशी वाचायची? पदक खिडकीशी न्या, उजेड आडवा पडू द्या, घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं भिंग घ्या. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवरची अक्षरं कोरलेली नाहीत, ठशाने दाबलेली आहेत. म्हणून अक्षराच्या काठाशी धातू किंचित दबून फुगलेला दिसतो. कोरलेलं अक्षर असेल तर तिथे छिन्नीने कापल्याची तिरकी खाच दिसेल. कोरलेलं नाव दिसलं की माझे कान टवकारतात. मूळ नाव घासून टाकून वर दुसरं घालायचा धंदा जुना आहे. साध्या शिपायाच्या पदकावर अधिकाऱ्याचं नाव चढवलं की किंमत वाढते. तो पकडायचा उपाय सोपा आहे. पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर. कॅलिपरने एकदा नाव आहे तिथून आरपार मोजा, मग नाव नाही तिथून मोजा. फरक आला तर कानस फिरलेली आहे.

चिंचेचं दुःख इथेच आहे. वर्षानुवर्षं घासून घोडेस्वाराचं नाक गेलं तर जाऊ द्या, तसे घोडेस्वार पुष्कळ आहेत. पण कडेवरचं नाव गेलं की सोनाराचाच भाव खरा ठरतो.

वाईच्या बाईंनी मोबाईलवर फोटो पाठवला. नशिबाने कड शाबूत आहे. शिपाई, नाव, आणि शेवटी ११०. हा आकडा वाचून मी खुर्चीत नीट बसलो. तेव्हा मराठा पलटणी सहा होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ मध्ये त्या एका रेजिमेंटखाली आल्या. आजची 'जंगी पलटण' म्हणजे तेव्हाची १०३, 'काली पांचवी' म्हणजे १०५. यांपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंडच्या फौजेत होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी या फौजेला कुत-अल-अमारा इथे कोंडलं. घोड्यांचं मांस खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली.

म्हणजे आजेसासरे कुतच्या वेढ्यात होते? एवढी घाई नको. ११० ची पलटण पुढे पुन्हा उभी राहिली, नवे जवान भरती झाले, त्यांच्या कडेवरही ११०च असणार. इथे दुसरं पदक उपयोगी पडतं. ट्रंकेच्या तळाशी ब्राँझचा एक तारा आहे का बघा : वर मुकुट, मधे दोन तलवारी आणि १९१४-१५ हे साल. याला कड नाही, नाव मागच्या सपाट बाजूला असतं. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत जो रणभूमीवर पोचला, त्यालाच हा तारा मिळाला. नावानिशी तारा सापडला आणि त्यावरही ११० असेल, तर कुतची शक्यता फार मोठी होते. मी त्यांना ट्रंक उपसायला सांगितलं आहे.

कडेवर १११ आणि पुढे महार असं लिहिलेलं पदक कुणाकडे असेल, तर ते कुलपात ठेवा. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. उणीपुरी चार वर्षं, त्यामुळे तिची नावं फार थोड्या कडांवर आहेत. आणि घोडेस्वाराचं हेच पदक चांदीऐवजी ब्राँझचं निघालं तर हिरमुसू नका. कामगार तुकड्यांतल्या माणसांना ते ब्राँझचं दिलं. सरकारने त्यांना कमी लेखलं, पण आज संग्राहक चांदीपेक्षा त्याच्यामागे जास्त धावतात.

दुसऱ्या महायुद्धात तर गंमतच झाली. ब्रिटिश सरकारने आपल्या सैनिकांना बर्मा स्टार, इटली स्टार कोरेच वाटले, नावच नाही. हिंदी सैनिकांच्या ताऱ्यांवर मात्र नंबर आणि नाव ठोकलं गेलं. त्यामुळे लंडनच्या नातवाला आजोबांचा तारा दुकानातल्या ताऱ्यातून ओळखता येत नाही, साताऱ्याच्या नातवाला येतो. साम्राज्याच्या हिशेबात आपल्याकडे झुकलेली अशी गोष्ट मला दुसरी चटकन आठवत नाही.

बाईंचा शेवटचा प्रश्न : परदेशातला एक गिऱ्हाईक बरे पैसे देतो म्हणतो, पाठवावं का? शंभर वर्षांपलीकडची ऐतिहासिक वस्तू आपल्या १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि ती परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाची झाली आहेत. विकायचंच असेल तर इथेच विका. माझं विचाराल तर विकू नका.

तेव्हा ट्रंका उघडा. चिंच, राख, भांड्यांची पावडर काही लावू नका, मऊ सुती फडक्यात गुंडाळा, आणि मला फोटो पाठवाल तेव्हा राजाचा नको, कडेचा पाठवा. आडव्या उजेडात, फिरवून तीन-चार तुकड्यांत. बटणं पुढच्या आठवड्यात, दुसरं असंच पत्र आलं नाही तर.