मालवाहतूक आणि कायदा – १४ : उतारावरचं न्यूट्रल

वजनकाट्याचा विषय या आठवड्यात घेणार होतो. तो पुढच्या रविवारी घेऊ, कारण मधेच साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्यातल्या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर देऊन भागणार नाही. ते कामानिमित्त मोटारीने मुंबईला जातात. लिहितात, ‘बोरघाट उतरताना पुढे एखादा ट्रक ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने रांगत असतो आणि मागे गाड्यांची रांग लागते. चढावर मी समजू शकतो, इंजिन दमतं. पण उतारावर गाडी आपोआप पळते ना? सरकार जड वाहनांना कमाल वेग ठरवून देतं, तसा उतारावर किमान वेग का ठरवून देत नाही?’

गाडी आपोआप पळते, हीच तर भीती आहे. तुमच्या पुढे रांगणारा तो चालक आपलं काम नीट जाणतो. ज्याच्यापासून लांब राहायला हवं, तो ट्रक वेगळा असतो. तो उतारावर छान पळत असतो, इंजिनाचा आवाज जवळजवळ नसतोच आणि पाहणाऱ्याला वाटतं, काय सफाईदार चालवतोय.

आधी थोडा हिशेब. २०१८च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलच्या भाराची मर्यादा वाढवली, तेव्हापासून तीन अ‍ॅक्सलचा साधा दहाचाकी ट्रक मालासकट साडेअठ्ठावीस टनांचा असू शकतो. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उंचीचा फरक सुमारे ५०० मीटर. एवढं वजन एवढं खाली आणायचं, तर जवळजवळ १४ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. टायरचं आणि हवेचं घर्षण त्यातला थोडा वाटा उचलतं, बाकीची सगळी उष्णता होते. १४ कोटी ज्यूल उष्णतेत पावणेपाचशे लिटर पाण्याला आधण येईल. हा सगळा जाळ चाकांतल्या ब्रेकड्रमांवर पडला तर काय होईल, याचा विचार करा.

काय होतं ते गॅरेजवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. लायनर तापले की त्यांची पकड कमी होते. लोखंडी ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून आणखी दूर जातो आणि ब्रेकशूला जास्त अंतर कापावं लागतं. चालक पेडल दाबतो, ब्रेक चालवणाऱ्या हवेचा दाब पुरेसा असतो, कुठेही काही तुटलेलं नसतं, तरी गाडी थांबत नाही. करपल्याचा वास येतो, चाकांतून धूर निघतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘ब्रेक निकामी झाल्याने अपघात.’ तासाभराने ड्रम थंड झाल्यावर तेच ब्रेक व्यवस्थित लागतात. म्हणून अपघातानंतरच्या तपासणीत पुष्कळदा ब्रेकमध्ये दोष सापडत नाही.

यावरचा उपाय इंजिनातच आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना मागे ओढतं. डिझेल इंजिनाची ही ओढ एरवी बेताची असते, म्हणून एक्झॉस्ट ब्रेक आला. धुराच्या नळीतली झडप बंद होते, इंजिनाला आपलाच धूर ढकलावा लागतो आणि ओढ वाढते. ५ टक्क्यांच्या उतारावर, म्हणजे शंभर मीटरमागे पाच मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर, साडेअठ्ठावीस टनांचा ट्रक ताशी ४० किलोमीटरने आणायचा तर दर क्षणाला दीडशे किलोवॅटच्या आसपास शक्ती रोखून धरावी लागते. ताशी २० ने आणला तर तिच्या निम्मी. निम्मी शक्ती इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक मिळून पेलू शकतात, आणि चाकांचे ब्रेक ऐन वेळेसाठी थंड राहतात. साताऱ्याच्या वाचकांच्या पुढचा ट्रक रांगतो तो यासाठी.

जुने चालक नवख्याला सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आजची इंजिनं जास्त ताकदीची आहेत, तोच घाट ती वरच्या गिअरमध्ये चढून जातात. म्हणून हल्ली त्याच्याही एक गिअर खाली उतरावं हे बरं. पण नियमाचा गाभा तोच.

आता त्या दुसऱ्या ट्रककडे वळू. उतार लागला की चालक गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडतो. काही जण त्याहून पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद. टाकीत जेवढी हवा उरली असेल तेवढ्यावरच ब्रेक चालणार, आणि प्रत्येक दाबाला ती कमी होणार. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. हे सगळं कशासाठी, तर डिझेल वाचवण्यासाठी.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या सलग उतारावर हे वारंवार घडत आलं आहे. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे एका मालवाहू वाहनाने कितीतरी गाड्या चिरडल्या. चालकाने इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिनाचा आधार काढून घेतला होता, असं त्या वेळी पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर तिथे रम्बलर बसले, फलक लागले, कॅमेरे आले. अपघात थांबले नाहीत.

डिझेल खरंच वाचतं का, हा प्रश्न मी कित्येक चालकांना आणि तितक्याच मेकॅनिकांना विचारला आहे. घाटापुरतं उत्तर स्वच्छ ‘नाही’ असं आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की नव्या इंजिनातला संगणक डिझेलचा पुरवठा पूर्ण तोडतो, कारण इंजिन फिरवायचं काम चाकं करत असतात. जुन्या पंपाच्या गाड्यांतही गव्हर्नर हेच करायचा. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं का होईना डिझेल लागतंच. सपाटीला लागून असलेल्या हलक्या उतारावर मात्र न्यूट्रलमधली गाडी लांबवर वाहत जाते, तिथे थोडी बचत खरी असते. चालकाला ही सवय तिथे लागते आणि तीच तो घाटात घेऊन येतो. घाटात मिळवलेला जास्तीचा वेग त्याला ब्रेकनेच मोडावा लागतो. डिझेल वाचत नाहीच, लायनर मात्र झिजतात.

मग शासनाची यंत्रणा इथे काय करते? आपल्याकडे वेगावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणा तीन. पहिली स्पीड गव्हर्नर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११८व्या नियमाने ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या बहुतेक परिवहन वाहनांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा घातली, टँकर आणि डंपरना ६० ची. पण गव्हर्नर वेग रोखतो तो डिझेल तोडून. उतार गाडीला वेग देतो तो डिझेलाशिवाय. जिथे वेग सर्वांत घातक, तिथे या यंत्राच्या हाती काहीच नाही, आणि न्यूट्रलमधल्या गाडीत तर ते असून नसल्यासारखं.

दुसरी यंत्रणा कॅमेऱ्यांची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४च्या जुलैपासून ती जोमाने सुरू आहे. वेग मोडला, लेन मोडली की चलान. जड वाहनाच्या वेगासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली पहिल्या वेळी दोन ते चार हजारांचा दंड आहे. या कॅमेऱ्यांनी शिस्त आणली यात शंका नाही. पण वेग दिसतो, गिअर दिसत नाही. ताशी ४० ने न्यूट्रलवर उतरणारा ट्रक कॅमेऱ्याला निर्दोष वाटतो, आणि त्याच वेळी त्याचे ड्रम तापत असतात.

तिसरी यंत्रणा फिटनेसची, जिच्यावर मागच्या भागात लिहिलं. तिथे ब्रेक रोलरवर किंवा ट्रॅकवर तपासतात. ट्रॅक २५० मीटरचा हवा, हा आग्रह मुंबई उच्च न्यायालयाला धरावा लागला, हेही आपण पाहिलं. मात्र ती तपासणी थंड ब्रेकची असते. गरम ब्रेकची परीक्षा ट्रकचं मॉडेल बाजारात येण्याआधी एकदाच होते. संयुक्त राष्ट्रांच्या १३व्या वाहननियमात तिची अट अशी आहे : भरलेली गाडी ताशी ३० किलोमीटरने, ६ टक्के उतारावर, ६ किलोमीटर उतरल्याइतकी ऊर्जा झेलल्यानंतरही ब्रेक लागले पाहिजेत. आपली मानकंही त्याच धर्तीवर आहेत. या परीक्षेत गाडी योग्य गिअरमध्ये ठेवायची असते. म्हणजे ब्रेक बनवणाऱ्याने चालक गिअरमध्ये उतरेल हे गृहीत धरूनच ब्रेक बनवले आहेत. न्यूट्रलवर सोडलेल्या भरल्या ट्रकला घाटभर पेलण्याची हमी त्या ब्रेकनी कधी दिलेलीच नाही.

रस्त्याच्या शेजारूनच घाट उतरणाऱ्या रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. बोरघाटाची लोहमार्गाची वाट १८६३ मध्ये खुली झाली, चढ ३७ला १. घाट उतरताना ठरावीक ठिकाणी मुख्य रुळाला फुटून डोंगरावर चढणारे आडरूळ आहेत. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. तिथला सांधा एरवी आडरुळाकडेच लावलेला असतो. खाली येणाऱ्या गाडीने आधी पूर्ण थांबायचं. गाडी ताब्यात आहे हे अशा रीतीने सिद्ध झालं की मगच सांधा बदलतो आणि पुढचा मार्ग मिळतो. ताबा सुटलेली गाडी आडरुळावर चढून थांबते. पुण्याहून मुंबईला रेल्वेने जाताना घाटात गाडी मधेच थांबते ती यासाठी. या व्यवस्थेत चालकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. अपघाताची वाटही बघावी लागत नाही.

रस्त्यावर आडरूळ टाकता येणार नाहीत. पण थांबा घालता येईल. मोठ्या उतारांच्या माथ्यावर प्रत्येक भरलेल्या ट्रकने थांबलंच पाहिजे. चालकाने हवेचा दाब पाहावा, चाकांना हात लावून ती तापलीत का ते बघावं आणि पहिल्यापासूनच खालच्या गिअरमध्ये निघावं. थांबलेली गाडी खालच्या गिअरमध्येच निघते, हा या थांब्याचा मोठा फायदा. उतारावर वेग घेतल्यानंतर खालचा गिअर पडता पडत नाही. त्यासोबत माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा सरासरी वेग मोजावा, म्हणजे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून पुन्हा गाडी सोडून देणं बंद होईल.

तरीही मूळ कारण रस्त्यावर नाहीच, ते मालकाच्या वहीत आहे. पुष्कळ ठिकाणी खेपेला ठरलेलं डिझेल मिळतं. अ‍ॅव्हरेज ठरलेलं असतं. कमी लागलं तर उरलेलं चालकाचं, जास्त लागलं तर पगारातून कापून घ्यायचं. ज्याच्या घरचा खर्च अशा उरलेल्या डिझेलवर चालतो, त्याला घाटातला फलक काय सांगणार? दंड चालकाला होतो, तुरुंगातही तोच जातो, आणि तो हिशेब लिहिणारा मोकळा राहतो. जादा भाराच्या बाबतीत कायदा असं करत नाही. कलम ११३ आणि १९४ गाडी चालवणाऱ्याला पकडतात तसंच चालवायला लावणाऱ्यालाही. डिझेलच्या हिशेबाला तोच न्याय लावायला हवा. उतारावरच्या प्रत्येक मोठ्या अपघातात त्या गाडीची खेपेची वही आणि चालकाचा मोबदला तपासाच्या कागदांत आलाच पाहिजे. न्यूट्रलची सवय मोडायची असेल, तर तिच्यातून मिळणारा पैसा आधी थांबवावा लागेल.

तेव्हा साताऱ्याच्या वाचकांना उत्तर : घाटात उतरणाऱ्या जड वाहनाला किमान वेग नको. रांगणाऱ्या ट्रकच्या मागे दहा मिनिटं गेली तर जाऊ द्यावीत, त्याला हॉर्न देऊ नये, दिवे मारू नयेत. पळणारा ट्रक मागे दिसला आणि करपल्याचा वास आला, तर मात्र त्याच्या वाटेतून लगेच बाजूला व्हावं.

पुढच्या रविवारी वजनकाटा. वरचा सगळा हिशेब साडेअठ्ठावीस टनांचा, म्हणजे कायदेशीर भाराचा आहे. दहा टन जादा भरले की उष्णता एक तृतीयांशाहून जास्त वाढते, ब्रेक मात्र तेच राहतात. काट्यावरून तो ट्रक पुढे जातोच कसा, ते पाहू.