पराभव देवाचा की भक्तांचा?

जेरुसलेमचा पाडाव झाल्यानंतर इजिप्तमध्ये आश्रयाला गेलेल्या यहुदी निर्वासितांमध्ये एक वाद झाला. आपले शहर का पडले, हा त्या वादाचा विषय होता. लोकांनी परक्या देवतांपुढे धूप जाळला म्हणून परमेश्वराने ही शिक्षा दिली, असे यिर्मया हा संदेष्टा सांगत होता. तेथील स्त्रियांनी आणि त्यांच्या पतींनी त्याला दिलेले उत्तर बायबलमधील यिर्मयाच्या ग्रंथात, ४४व्या अध्यायात नोंदलेले आहे. आम्ही ‘आकाशराणी’ची पूजा करीत होतो तोवर घरात अन्नाची ददात नव्हती; ती पूजा बंद केली तेव्हापासूनच तलवार आणि उपासमार आमच्या वाट्याला आली, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच आपत्तीचे हे दोन परस्परविरोधी अर्थ. त्यांपैकी यिर्मयाचा अर्थ टिकला आणि पुढे ज्यू, ख्रिस्ती व इस्लाम या तिन्ही धर्मांच्या मूर्तिपूजाविषयक भूमिकेवर त्याची छाया पडली. तोच अर्थ का टिकला, याचे उत्तर प्राचीन इस्राएलच्या राजकीय इतिहासात शोधावे लागते.

दोन वेगळे अपराध

‘मूर्तिपूजा’ या एका शब्दाखाली बायबलमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी येतात. इस्राएलच्या परमेश्वराला सोडून बाल, अशेरा आदी इतर देवतांची उपासना करणे, ही पहिली. खुद्द त्या परमेश्वराचीच प्रतिमा घडविणे, ही दुसरी. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी अहरोनाने घडविलेल्या सोन्याच्या वासराची कथा प्रसिद्ध आहे. ‘निर्गम’ ग्रंथानुसार त्या प्रसंगी सुमारे ३ हजार जण मारले गेले. मात्र वासरापुढे भरविलेला उत्सव परमेश्वराच्याच नावाने जाहीर झाला होता. राज्याचे विभाजन झाल्यावर उत्तरेकडील यराबाम राजाने बेथेल व दान येथे उभारलेली सोन्याची वासरेही बहुधा त्याच देवाची आसने वा प्रतीके होती, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यांना परक्या देवतांच्या मूर्ती ठरविले ते नंतरच्या लेखकांनी.

पाऊस नेमका कोणाचा?

परक्या देवतांच्या बाबतीत शिक्षेची कल्पना किती नेमकी होती, हे एलीयाच्या कथेवरून दिसते. इसवी सनपूर्व नवव्या शतकात उत्तर इस्राएलचा राजा अहाब याने फिनिशियन राजकन्या ईजबेल हिच्याशी विवाह केला आणि बालाच्या उपासनेला राजाश्रय मिळाला. बाल हा मेघगर्जनेचा आणि पर्जन्याचा देव. त्यामुळे एलीयाने जाहीर केलेली शिक्षा ही दुष्काळाची असावी, यात मोठा अर्थ आहे. पाऊस देणे हेच ज्याचे काम, त्याच्या भक्तांच्या डोळ्यांदेखत आकाश कोरडे राहते. पुढे कर्मेल पर्वतावर बालाचे संदेष्टे आणि एलीया यांच्यात यज्ञाची स्पर्धा होते आणि तीत बालाचा निष्प्रभपणा उघड झाल्यावरच पाऊस कोसळतो.

हाच एलीया महाराष्ट्रातील मराठी भाषक बेने इस्राएली समाजात ‘एलियाहू हन्नबी’ या नावाने आजही विशेष श्रद्धास्थानी आहे. त्याच्या नावाने मलिद्याचा विधी केला जातो. अलिबागजवळच्या खंडाळा येथील एका खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या असल्याचेही हा समाज परंपरेने मानतो.

उत्खनने काय सांगतात?

बायबल वाचताना असा समज होतो, की एकेश्वरी उपासना हा मूळचा नियम होता आणि लोक त्यापासून वारंवार ढळत होते. उत्खननांतून उभे राहणारे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. सीनायच्या वाळवंटातील कुंतिलेत अजरूद येथे १९७५-७६मध्ये झालेल्या उत्खननात इसवी सनपूर्व ८००च्या सुमाराचे लेख सापडले. त्यांत ‘शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद दिलेले आहेत. येथील ‘अशेरा’ म्हणजे देवी की तिचे प्रतीक असलेला खांब, यावर मतभेद आहेत. तथापि यहोवाच्या भक्तांना तिचे वावडे नव्हते, एवढे नक्की. यहूदा राज्यातील घरांच्या अवशेषांत स्तनांना हातांनी आधार दिलेल्या स्त्रीच्या मातीच्या लहान मूर्ती शेकड्यांनी मिळाल्या आहेत. अराद येथील किल्ल्यात तर यहोवाचे मानले जाणारे एक मंदिरच होते आणि त्याच्या गाभाऱ्यात मूर्तीऐवजी उभा दगड होता.

म्हणजे संदेष्टे ज्याला पथभ्रष्टता म्हणत होते, ती बहुसंख्य घरांतील रूढ उपासना असावी. आकाशराणीसाठी मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवितात आणि स्त्रिया कणीक मळतात, असे यिर्मया स्वतःच रागाने सांगतो. पूजा अशी साऱ्या घराची होती.

करार आणि शाप

मग या उपासनेला एवढ्या कठोर शिक्षेची जोड कोठून मिळाली? त्याचा एक धागा असीरियाच्या राजदरबारापर्यंत जातो. असीरियाचा सम्राट एसरहद्दोन याने इसवी सनपूर्व ६७२मध्ये आपल्या वारसाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ मांडलिकांकडून घेतली. या कराराच्या मृत्पट्टिका १९५५मध्ये इराकमधील निमरूद येथे आणि २००९मध्ये तुर्कस्तानातील तेल तायिनात येथे सापडल्या. वारसदार राजपुत्रावर प्रेम करा, दुसऱ्या कोणाशीही संधान बांधू नका आणि करार मोडल्यास आकाश पितळेसारखे व जमीन लोखंडासारखी होईल, असा त्याचा आशय आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २८व्या अध्यायातील शापांशी याचे साम्य थक्क करणारे आहे. यहूदाचा राजा मनश्शे हा एसरहद्दोनचा मांडलिक होता, हे असीरियन लेखांतूनच कळते. मांडलिकाने सम्राटाला द्यायची निष्ठा यहूदाच्या विचारवंतांनी आपल्या देवाच्या चरणी वाहिली, असे अनेक अभ्यासक मानतात. अशा चौकटीत दुसऱ्या देवतेची पूजा म्हणजे सरळसरळ राजद्रोह आणि राजद्रोहाची शिक्षा ठरलेली.

सुधारणा आणि पेच

उत्तरेचे राज्य इसवी सनपूर्व ७२२च्या सुमारास असीरियाने बुडविले, तेव्हा दक्षिणेतील यहूदाला हा धडा वाटला. तेथील हिज्कीया राजाने मोशेने घडविला असे मानला जाणारा पितळेचा सर्पही फोडून टाकला, कारण लोक त्यापुढे धूप जाळीत होते. पुढे इसवी सनपूर्व ६२२च्या सुमारास योशीया राजाच्या काळात जेरुसलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचा एक ग्रंथ सापडल्याचे जाहीर झाले. त्याच्या आधारे राजाने मंदिरातील अशेरेची प्रतिमा जाळली, गावोगावची पूजास्थाने बंद केली आणि बेथेलची वेदी उद्ध्वस्त केली. इजिप्तमधील स्त्रिया ज्या ‘बंद केलेल्या’ पूजेविषयी बोलत होत्या, ती बहुधा याच मोहिमेत थांबली असावी.

परंतु इसवी सनपूर्व ६०९मध्ये हाच धर्मनिष्ठ योशीया मगिद्दो येथे इजिप्तच्या फारोकडून मारला गेला आणि सुमारे २२ वर्षांत जेरुसलेमही पडले. पुण्यवान राजाला असे मरण का, हा पेच राजांच्या ग्रंथाच्या लेखकांपुढे उभा राहिला. योशीयाचा आजा मनश्शे याची पापे एवढी मोठी होती, की त्यांची भरपाई होऊच शकली नाही, असा खुलासा त्यांनी केला.

पराभवातून सुटका

देव आपल्याच लोकांवर कोपतो, ही कल्पना एकट्या इस्राएलची नव्हती. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील मवाबच्या मेशा राजाचा शिलालेख सांगतो, की कमोश देव आपल्या भूमीवर रागावला होता म्हणून इस्राएलने मवाबला छळले. इस्राएलचे वेगळेपण पुढच्या पावलात आहे. मंदिर जळाले, राजा कैद झाला, लोक बॅबिलोनला नेले गेले. त्या काळच्या समजुतीनुसार बॅबिलोनचा मार्दुक विजयी आणि यहोवा पराभूत ठरला असता. त्याऐवजी निर्वासितांनी म्हटले, की हरलो आम्ही, आमचा देव नव्हे. नबुखद्नेस्सर हे त्याच्याच हातातील शस्त्र. दोष स्वतःकडे घेतल्याने देव वाचला आणि देवाबरोबर त्याचे लोकही वाचले. याच काळात लाकडी मूर्तींची कठोर टिंगल करणारे लेखन झाले. मेसोपोटेमियातील पुजारी आपल्याकडील प्राणप्रतिष्ठेची आठवण करून देणारा ‘मुखप्रक्षालना’चा विधी करून मगच मूर्तीत देवत्व मानीत, याची दखल मात्र त्या टिंगलीने घेतली नाही.

या सिद्धांताची किंमतही होती. प्रत्येक संकट हे शिक्षाच असेल, तर प्रत्येक पीडित हा अपराधी ठरतो. बापाच्या पापाचे ओझे मुलाने वाहायचे नाही, असे बॅबिलोनमधील यहेज्केल या संदेष्ट्याने ठामपणे सांगितले. मनश्शेवर टाकलेल्या दोषाच्या हे थेट विरुद्ध जाते. निर्दोष माणसाच्या यातनांचा प्रश्न घेऊन ‘ईयोब’ हा संपूर्ण ग्रंथ उभा आहे आणि त्याच्या मित्रांचे ‘तू पाप केले असशील’ हे उत्तर देव स्वतःच नाकारतो.

संकलनकर्त्यांनी हे सारे विरोधी सूर काढून टाकले नाहीत. आकाशराणीच्या भक्त स्त्रियांचे म्हणणे आज आपल्याला ठाऊक आहे, तेही त्यांच्या विरोधकाच्याच ग्रंथात ते जपले गेले म्हणून.