केळीची तुटलेली गुणसूत्रे

बऱ्हाणपूरची केळी बिनबियांची आहे, कारण तिच्या पेशीत ११ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे असतात. त्यामुळे संकरातून नवे वाण काढणे फार अवघड, आणि म्हणूनच उत्परिवर्तनाचा मार्ग तिच्यासाठी मोलाचा ठरतो. हे उत्परिवर्तन घडवण्यासाठी वापरले जाणारे गॅमा किरण गुणसूत्र तोडतात. तुकडे गळतात किंवा उलटे जोडले जातात. ईएमएस हे रसायन बहुधा डीएनएतले एकेक अक्षर बदलते.

बहुतेक बदल अपायकारक असतात, हा आक्षेप खरा. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. फळ किरणोत्सारी होते, ही भीती मात्र निराधार आहे, कारण गॅमा किरण रोपात साठून राहत नाहीत. ग्रँड नैन या केळीच्या वाणापासून भाभा अणुसंशोधन केंद्राने गॅमा किरण वापरूनच ठेंगणी ‘कावेरी वामन’ घडवली. वाऱ्यात उंच केळी आडवी होते. बऱ्हाणपुरात अशा ठेंगण्या वाणाच्या चाचण्या व्हायलाच हव्यात.