हर्णैच्या बंदरावर एक रात्र : लिलाव सर्वांसमोर, भाव कोणाच्या हाती?

आमच्या एका कारखानदार दोस्ताने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करून घेतली आहे. बाकांचे रात्री चार बिछाने होतात. गॅसची शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे. सुतारकाम, गादीकाम, वायरिंग सारे आपल्याच कारागिरांचे. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा आपल्या कारागिरांनी हे काम शिकून घ्यावे असे आम्हांला वाटते. पण त्याविषयी पुन्हा केव्हातरी.

या गाडीतून आम्ही चौघे दापोली तालुक्यातील हर्णै बंदराला गेलो. माणगावनंतर महामार्ग सोडला आणि बॅ. अंतुले यांच्या आंबेत गावावरून मंडणगड, दापोली करीत दुपारी किनारा गाठला. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, अलीकडे होड्यांची गर्दी. गाडी लावायला आम्ही मोकळी जागा पाहिली ती नेमकी बर्फाच्या टेम्पोंची वाट निघाली. एका खालांनी आम्हांला चांगलेच सुनावले, "फिरायला आलात ते ठीक, आमचा माल का नासवता?" चूक आमचीच होती. मुकाट्याने गाडी वर गावाकडे नेली.

चारच्या सुमारास लिलाव सुरू झाला. मोठ्या नौका खोल पाण्यात थांबतात. माल लहान होडीतून उथळ पाण्यापर्यंत आणि तेथून बैलगाडीतून वाळूवर येतो. पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूळ यांचे ढीग लागतात. बोली उघड, सर्वांच्या कानावर. पाहणाऱ्याला वाटते, यापेक्षा सचोटीचा बाजार तो कोणता?

सहलीला आलेली मंडळी एवढे पाहून, मासळी घेऊन निघून जातात. आम्ही मुक्कामाला होतो. फजरची नमाज पढून चहा ठेवला, तेव्हा आदल्या दिवशीच्या ओळखीचे एक तांडेलचाचा गाडीपाशी आले. त्यांनी जो हिशेब सांगितला, तो लिलावात दिसत नाही.

जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीला बंदी असते. त्याच काळात जाळी विणायची, इंजिन उघडायचे, खलाशांना उचल द्यायची. पैसा लागतो तेव्हा आवक शून्य. मग व्यापारी आगाऊ रक्कम देतो. व्याजाचे नाव नाही, कागद नाही. अट एकच : हंगामभर माल त्याच्यामार्फतच विकायचा. समजा ढिगाला १०,००० रुपये आले आणि दलाली, तोलाची सूट मिळून हजार रुपये वळते झाले; हे रोज, आणि मूळ रक्कम तशीच उभी. शिवाय दुसरा गिऱ्हाईक जास्त द्यायला तयार असला तरी चाचा त्याला माल देऊ शकत नाहीत.

"व्याज नाही, म्हणून घेतो," चाचा म्हणाले.

आम्ही गप्प राहिलो. पाण्यातली मासळी विकणे फुकहांनी नाजायज ठरविले आहे, कारण जे हाती नाही त्याचा सौदा फसवणुकीचा होतो. आणि कर्जाच्या अटीवर घेतलेला फायदा हा रिबाच, हे तत्त्वही आपल्याला ठाऊक आहे. या व्यवहाराला नेमके कोणते नाव द्यावे ते उलेमांना विचारावे. आमच्या मते मात्र हे व्याजच आहे, फक्त दलालीचे कपडे घातलेले. व्यापाऱ्याची बाजूही आहे, ती लपवू नये : नौका बुडाली, माल लागला नाही, तर त्याचीही रक्कम अडकते. म्हणून तर तो माल बांधून घेतो.

मग जोखीम आहेच, तर भागीदारी का नको? इंजिन किंवा जाळ्यात भांडवल घालावे, हिस्सा आधी ठरवावा, नफ्यात वाटा घ्यावा आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात सोसावा. माल मात्र ज्याची बोली चढी त्याला. चाचांनी ऐकून घेतले आणि विचारले, "तोट्यात वाटा घेणारा शेठ तुमच्या मुंबईत आहे का?"

आमच्यापैकी दोघे मासळीच्याच धंद्यातले. त्यांनी एका जाळ्यापुरती तयारी दाखविली. कागद करून, दोन साक्षीदार घेऊन. बोलणी बंदीच्या आधी, मे महिन्यात पुरी करायची ठरली. निघताना बर्फात घातलेल्या दोन सुरमया चाचांनी गाडीत ठेवल्या. पैसे घेईनात, तेव्हा आम्ही ते चहाच्या कपाखाली ठेवून आलो.