जनुक भाजीत नाही, तेलाच्या डब्यात

मंडईतले टपोरे, एकसारखे टोमॅटो पाहिले की ते ‘जीएम’ असावेत, अशी शंका अनेकांना येते. ती चुकीची आहे; असे टोमॅटो बहुधा संकरित असतात. संकरित वाण दोन वाणांच्या परागीकरणातून तयार होतो. जनुकसुधारित म्हणजेच ‘जीएम’ पिकात मात्र निवडलेला जनुक प्रयोगशाळेत घातलेला असतो. भारतात व्यापारी लागवडीची परवानगी फक्त कीडरोधक जनुक घातलेल्या बीटी कापसाला मिळाली, तीही २००२ मध्ये. बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली. त्यामुळे देशी गहू-तांदळावर ‘जीएमविरहित’ असे छापलेले पाहून जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

टाळायचेच असेल तर तेलाकडे पाहावे. देशातला बहुतेक कापूस बीटी आहे, म्हणून त्याच्या सरकीचे तेलही त्याच पिकाचे. सोयाबीन तेल मोठ्या प्रमाणावर अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येते आणि तिथले बहुतेक सोयाबीन जनुकसुधारित आहे. शेंगदाणा, करडई किंवा तिळाचे तेल हा त्यावरचा सरळ पर्याय. यावर आक्षेप असा, की रिफाइंड तेलात प्रथिने आणि डीएनए जवळजवळ उरतच नाहीत, मग टाळायचे कशासाठी? आरोग्यापुरता हा आक्षेप रास्त आहे आणि घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ग्राहकाची निवड केवळ आरोग्यावर ठरत नाही. बियाण्यावर मालकी कोणाची, शेतात कोणती तणनाशके फवारली जातात, हे प्रश्नही त्याचेच आहेत. त्यांची उत्तरे ज्याची त्याने ठरवावीत. त्यासाठी डब्यावर स्पष्ट माहिती छापलेली हवी. भीतीपेक्षा माहिती मागणे अधिक शहाणपणाचे.